साडेतीन बाय दोन

पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या घरातला मेन स्विच सारखा पडायला लागला, म्हणून ओळखीतून एक नवा वायरमन बोलावला. पोरगा तरुण, कामाला स्वच्छ. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीचं दार उघडून, दातांत टेस्टर धरून त्यानं बराच वेळ काय काय चाचपलं आणि शेवटी निदान सांगितलं: गिझरची लाइन वेगळी ओढायला हवी, एक एमसीबी गेली आहे, अर्थिंगची वायर गंजून तुटायला आली आहे. सामान मी आणायचं ठरलं. यादी लिहून द्यायला त्यानं खिशातून स्वतःचं कार्ड काढलं. कार्ड देखणं होतं यात वाद नाही. गडद निळं, कोपरे गोल कापलेले, आडनावाचं पहिलं अक्षर सोनेरी फॉइलमध्ये आणि दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन. मागच्या पांढऱ्या बाजूवर त्यानं बॉलपेन टेकवलं. पेन घसरलं. दाबून लिहून बघितलं, तर नुसता चरा उमटला. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं, पेटीच्या दाराच्या आत पत्र्याच्या फटीत खोचलेलं एक जुनं कार्ड उपसलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच्या पाठीवर झरझर यादी लिहून दिली. एमसीबी 20 अँपिअर, एक नग. वायर अडीच एमएम, लाल, काळी, हिरवी. केसिंग पट्टी. स्क्रू.

ते जुनं कार्ड आमच्या आधीच्या वायरमनचं होतं. एकरंगी, पिवळं पडलेलं, लॅमिनेशन वगैरे काही नाही. छापलेला फोन नंबर पेनानं खोडून त्याच्या वर कुणीतरी मोबाइल नंबर लिहिलेला. मी ते घेऊन इलेक्ट्रिकलच्या दुकानात गेले. दुकानदारानं सामान काढून दिलं, यादीवर बरोबरच्या खुणा केल्या आणि सहज कार्ड उलटं करून नाव वाचलं. ‘‘हे अजून हाईत व्हय? मोटर बांधायला एक नंबर माणूस.’’ आणि नंबर आपल्या वहीत उतरवून घेतला.

म्हणजे नव्या पोरानं स्वतःच्या हातानं जुन्याचा प्रचार केला. दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

गोष्ट एवढीशीच, पण मी कार्डं करून देऊनच पोट भरते, त्यामुळं ती काही केल्या डोक्यातून जाईना. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागं एका गल्लीत माझं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने आणि काउंटरच्या काचेखाली आजवर केलेली व्हिजिटिंग कार्डं. येणारी माणसं मॅटर कशावरही लिहून आणतात: उदबत्तीच्या पुड्याची पाठ, पोराच्या वहीचं पान, हल्ली तर व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज, ज्यात मागं टेम्पोचा हॉर्न वाजत असतो. ‘‘साधंच करा, पण एकदम हटके पायजे,’’ हे वाक्य तर ठरलेलं. नमुने दाखवले की प्रत्येक जण आधी कार्ड तिरकं धरून चमकतं का ते बघतो, मग नखानं टिचकी मारून जाडी बघतो. वाचत कुणीच नाही. मला पूर्वी याचा राग यायचा, आता येत नाही. कारण त्या माणसाच्या डोळ्यांपुढं तेव्हा कार्ड देतानाचा क्षण असतो. आपण हात पुढं केलाय, समोरच्यानं कार्ड घेतलंय, बघितलंय आणि ‘वा’ म्हटलंय. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं नाव ‘प्रो. प्रा.’च्या पुढं छापून आलेलं बघणाऱ्या माणसाला ‘वा’ हवंच असतं. काही जण गठ्ठा दुकानात उघडूही देत नाहीत. पहिलं कार्ड आधी अंबाबाईच्या पायरीला लावून आणायचं, मग माणसांना.

पण ‘वा’ म्हणून झाल्यावर कार्ड खिशात जातं, खिशातून ड्रॉवरमध्ये किंवा सरळ धुण्यात. त्याचं खरं काम पुढं कधीतरी निघतं, आणि तेव्हा देणारा समोर नसतो. रात्री टाकी वाहतेय, जिन्यात दिवा नाही, मोबाइलच्या उजेडात कुणीतरी कार्डांची चवड चाळतंय. त्या माणसाला तुमचं नाव आठवत नाही, चेहरा आठवत नाही, लोगो तर मुळीच आठवत नाही. त्याला ‘प्लंबर’ हा शब्द हवा असतो आणि नंबर हवा असतो. नंबरही असा, की चश्म्याशिवाय वाचता यावा. मी ज्या कार्डांकडं बघून ‘काय सुंदर’ म्हणते, त्यांतली निम्मी या परीक्षेत नापास होतात. त्यांच्यावर नाव मोठं, बोधवाक्य त्याहून मोठं, आणि धंदा कसला ते शोधावं लागतं.

मामाचा छापखाना गडहिंग्लजला होता. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि मधोमध काळं, जडशीळ ट्रेडल मशीन. आधी ते पायानं चालायचं, नंतर त्याला मोटर जोडली. पट्टा फिरायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. वरची गोल तबकडी दर फेऱ्याला जराजराशी सरकायची, रूळ तिच्यावरची शाई उचलून खाली खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, फिरवून आणायचे, आणि मशीनचा जबडा मिटायच्या आत उजव्या हातानं कोरं कार्ड ठेवून डाव्या हातानं छापलेलं उचलायचं. मला बघायची मुभा होती, हात घालायची नव्हती. माझं काम पुढचं. कार्डं फळीवर एकेक सुटी पसरून वाळवायची, शंभर-शंभर मोजून डबीत भरायची आणि डबीच्या झाकणावर नमुन्याचं एक कार्ड खळीनं चिकटवायचं. शाई आणि रॉकेलचा तो वास आजही एखाद्या जुन्या प्रेसमध्ये गेलं की नाकात भरतो. नव्या प्रेसला तसा वास नसतो, तिथं एसी असतो.

खिळे जुळवायला एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. देवनागरीचे खिळे इंग्रजीसारखे थोडक्या खणांत मावत नाहीत. जोडाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, वेलांट्या, मात्रा, रफार, सगळ्यांना स्वतंत्र घर. अण्णा न बघता हात घालत आणि नेमका खिळा काढत. ओळ उलटी जुळवायची, उलटीच वाचायची. पण मला खरी गंमत वाटायची ती त्यांच्या गिऱ्हाइकाशी चाललेल्या घासाघिशीची. कुणी लांबलचक मॅटर आणलं की अण्णा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, ‘‘हे ‘सर्व प्रकारची’ तीनदा कशाला? बारा पॉइंटातला ‘प्र’ संपलाय.’’ ‘प्र’ खरंच संपलेला असायचा की नाही, देव जाणे. पण मॅटर निम्म्यावर यायचं. रंगाचंही तेच. दुसरा रंग हवा तर पहिला वाळल्यावर सगळी कार्डं पुन्हा मशीनवर चढवायची, म्हणजे मजुरी दुप्पट. त्यामुळं लाल रंग मिळायचा फक्त वरच्या ‘॥ श्री ज्योतिर्लिंग प्रसन्न ॥’ला, बाकी सगळं काळ्यात नाहीतर निळ्यात. खाली नाव, त्याखाली ‘मोटर रिवाइंडिंग व वायरिंगची कामे’, पत्ता ‘एस. टी. स्टँडमागे’, आणि फोन असलाच तर ‘पी. पी.’ म्हणजे शेजाऱ्याचा. शेजारी हाक मारणार, तोवर समोरच्यानं फोन धरून ठेवायचा.

मामा एका बाबतीत फार कडक होता. खिळ्यांचा दाब कार्डाच्या पाठीवर उठलेला त्याला खपायचा नाही. बोट फिरवून बघायचा, खरखर लागली की मशीन थांबवून खालचे कागद कमी करायचा. अक्षर कागदाला नुसतं टेकलं पाहिजे, घुसता कामा नये, हा त्याचा धर्म. आज मुंबई-बंगळुरूला हौशी मंडळींनी तीच जुनी मशिनं विकत घेऊन कार्डांचा महागडा धंदा मांडलाय, आणि तिथं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्याच दाबासाठी. अक्षर जितकं खोल रुतलेलं, तितका भाव जास्त. मामा असता तर त्यानं ती कार्डं रद्दीत काढली असती.

त्या जुन्या कार्डांवर बॉलपेन मात्र झकास चालायचं.

आता काम होतं ते असं. मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड करते, फाइल पाठवते, आणि मोठ्या ऑफसेट प्रेसला एका भल्या मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं एकत्र लावून छापतात. चार रंगांच्या चार प्लेटा, त्यांचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, म्हणून हजार कार्डं स्वस्तात पडतात. आपलं कार्ड कुणाच्या शेजारी बसलंय ते आपल्याला कळत नाही. एखाद्या दंतवैद्याच्या डावीकडं बॅंजो पार्टी, उजवीकडं जेसीबी भाड्यानं देणारे, खाली ब्युटी पार्लर. आणि शेजाऱ्याचा परिणाम होतो बरं का. पार्लरच्या गुलाबीला उठाव यावा म्हणून ऑपरेटरनं त्या पट्ट्यातली ती शाई वाढवली, तर त्याच पट्ट्यातला तुमचा भगवा टोमॅटोकडं झुकतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, मागच्या खेपेला असा नव्हता. खरंच नव्हता. मागच्या खेपेला शेजारी वेगळा होता. एखाद्या धंद्याचा रंग अगदी तोच आणि तसाच हवा असेल, तर स्वतंत्र काम छापून घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

या स्वस्ताईनं अण्णांचा अधिकार गेला. ‘प्र’ कधीच संपत नाही, रंगाला जादा पैसे पडत नाहीत, फोटो टाकायला धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करावा लागत नाही. मग एका कार्डावर गणपती, मालकाचा फोटो, दुकानाचा फोटो, मागं धुरकट सूर्योदय, चार मोबाइल नंबर, ई-मेल (ज्याचा पासवर्ड कुणाला आठवत नाही) आणि ‘एक वेळ अवश्य भेट द्या’. शिवाय चौकट. लग्नपत्रिकेचा संस्कार असेल, पण आपल्याकडं चौकटीशिवाय कार्ड पुरं वाटत नाही. मी जीव तोडून सांगते की, कटिंगला शेकडो शीटं एकावर एक ठेवून पातं खाली येतं, त्यात मिलिमीटरभर सरकतंच, आणि कडेला लावलेली बारीक चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. चौकट नसती तर ते सरकणं कुणाला कळलंही नसतं. म्हणूनच रंग कापाच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवतात आणि अक्षरं आत ओढून घेतात. ऐकून घेतात बिचारे. मग म्हणतात, ‘‘बरं, मग जाड चौकट टाका.’’

देवनागरीचे स्वतःचे हट्ट आहेत. इंग्रजी अक्षरं एकाखाली एक दाटीवाटीनं बसवली तरी चालतात. आपल्याकडं वरच्या ओळीचा उकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीचा रफार, त्यावरचा अनुस्वार, वर उठतो. दोघांची गाठ पडली की ‘कुलकर्णींचे’ वाचताना डोळा अडखळतो. ओळींत हवा सोडावी लागते, आणि साडेतीन बाय दोन इंचांत हवा सोडायची म्हणजे मजकूर काढायचा. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं घेतली तर ‘क्ष’ आणि ‘ख’च्या आतल्या फटी शाईनं बुजतात. बारीक मजकूर चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात कधीही घेऊ नये, फक्त काळ्या प्लेटवर घ्यावा. नाहीतर छपाईत एक रंग केसभर हलला की प्रत्येक अक्षराला तांबूस सावली येते. जुन्या श्रीलिपी फाँटमधल्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की भलतीच चिन्हं दिसतात, आणि जुन्या कोरलमध्ये युनिकोड घ्यावा तर ऱ्हस्व वेलांट्या आपापली अक्षरं सोडून पळतात. म्हणून फाइल कर्व्ह करून पाठवायची, म्हणजे अक्षरांची चित्रंच करून टाकायची. एकदा कर्व्ह केली की पुढं चूक दिसली तरी कुणाला दुरुस्त करता येत नाही. त्यामुळं प्रूफ आधीच वाचायचं, आणि नंबर तर गिऱ्हाइकालाच मोठ्यानं वाचायला लावायचा. माणसं नंबर वाचताना दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करतात, ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ असं. मी छापताना मात्र पाच आणि पाच आकडे करून मधे मोकळी जागा ठेवते. चाळिशीच्या पुढची नजर तेवढ्या तुकड्यावर नीट ठरते.

फाँटचं म्हणाल, तर आता दिवस बरे आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला मुक्ता फुकट मिळतो, त्याची सात वजनं, म्हणजे बारीकपासून जाडपर्यंत सात रूपं आहेत, आणि लहान आकारातही तो मळत नाही. पण आमच्याकडं येणाऱ्याला हवं असतं ‘ते नाटकाच्या जाहिरातीसारखं अक्षर’. म्हणजे कमल शेडग्यांचं. शेडगे 2020 साली गेले, पण कित्येकांना त्यांचं नावही माहीत नसताना डोळ्यांना त्यांचं वळण माहीत आहे, ही केवढी कमाई! अडचण अशी, की ते प्रत्येक नावासाठी अक्षर नव्यानं काढत. त्या नावातल्या काना-मात्रा कुठं येतात, कोणतं अक्षर कुणाच्या खांद्यावर टेकेल, हे बघून. ‘शेडगे स्टाइल’ नावाचा काहीतरी फाँट उतरवून त्यात ‘साईप्रसाद फॅब्रिकेशन’ टाइप केलं म्हणजे ते येत नाही. वेळ असला तर मी कागदावर नाव काढून बघते. बहुतेकदा वेळ नसतो, आणि फॅब्रिकेशनवाल्यांना उद्याच प्रदर्शनाला जायचं असतं.

शिमगा झाल्यावर, म्हणजे चटणीच्या हंगामाच्या तोंडाला, एक मावशी आल्या. घरी मिरची भाजून, डंकावर कुटून कांदा-लसूण चटणी करून विकतात. मॅटर नातवाच्या वहीच्या पानावर. वर अंबाबाई प्रसन्न, ज्योतिबाच्या नावानं चांगभलं. खाली कांदा-लसूण चटणी, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळ्याची, सांडगे, कुरडया, पापड, शेवया, रुखवताच्या ऑर्डरी, पुरणपोळी. मग अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर, तो तर अगदी मोठा हवा, कारण ‘‘सरकारनं दिलेला हाय’’. आणि मोबाइल नंबर मालकांचा, म्हणजे त्यांच्या मिस्टरांचा. मी नेहमीप्रमाणं अण्णांच्या गादीवर बसले. विचारलं, ‘‘मावशी, फोन कशासाठी येतात?’’ ‘‘चटणीसाठी. बाकीचं चटणी न्यायला आल्यावर इचारत्यात.’’ म्हणजे पुढं फक्त चटणी घेऊ, बाकीचं काढू. त्या बराच वेळ कागदाकडं बघत राहिल्या. मग एकेक ओळीवर बोट ठेवून सांगायला लागल्या. सांडगे जाऊबाई करतात. शेवया शेजारच्या गल्लीतली एक विधवा बाई करून देते. रुखवत भाचीचं. पुरणपोळी आपली आणि सुनेची. ‘‘ह्यातलं एक काढलं तर त्या घरात मला तोंड दाखवाय येनार न्हाई.’’

मी ज्याला पसारा म्हणत होते, ती वाटणी होती.

शेवटी पुढं एकच मोठा शब्द, ‘चटणी’, आणि मागं दोन रकान्यांत सगळ्या जणींचं सगळं. नंबरावर आमचं अजून थोडं बोलणं झालं. त्यांचा स्वतःचा नंबर वर घातला, कारण चटणीत लसूण किती हे मिस्टरांना सांगता येत नाही. पण खाली त्यांचाही हवाच, ‘‘आमच्यात रेंज त्यांच्याच फोनला असती, आन् नाही घातला तर फुगून बसतील.’’ भाव छापायचा नाही हे त्यांनीच सांगितलं. ब्याडगी मिरचीचा दर दरसाल बदलतो, म्हणून किलोचा भाव दर हंगामाला पेनानं लिहायचा. पेन म्हटल्यावर मला तो वायरमन आठवला आणि मी लॅमिनेशन नको म्हटलं. त्यांनी लगेच पेच टाकला, ‘‘आनि चटणीचं हात लागलं तर?’’ मुद्दा बिनतोड होता. बिनलॅमिनेशनचं कार्ड तेल पितं. एकाच बाजूला लॅमिनेशन करावं, तर आमच्याकडच्या पावसाळ्यात उघडी बाजू दमट हवा शोषून फुगते आणि कार्ड वाकतं, गठ्ठा डबीत नीट बसत नाही. प्रत्येक उपायाला एक खोट आहे. आम्ही जाड, साधा, खरखरीत कागद घेतला आणि रंग लाल ठेवला. डाग पडला तरी त्याच रंगाचा पडेल.

तेव्हापासून मी येणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारते, कार्ड कुठं राहणार? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. गॅसशेगडी दुरुस्त करणारे म्हणाले, ओट्याखाली, सिलिंडरच्या कोनाड्यात. मग त्यांचं कार्ड स्टिकरच केलं. टेम्पोवाले म्हणाले, किराणा दुकानाच्या काउंटरच्या काचेखाली. तिथं ऊन येतं. उन्हात पिवळा आणि गुलाबी आधी उडतात, निळा आणि काळा मागं राहतात. माझ्याच काचेखालची लालभडक कार्डं आता आजारी निळसर दिसतात. तिथं राहणाऱ्या कार्डावर नंबर काळ्यातच हवा. पाकिटात राहणार म्हणणाऱ्याला मी एटीएम कार्ड काढायला लावते. एटीएम कार्ड 85.6 मिलिमीटर लांब, आपलं साडेतीन इंची कार्ड जवळपास 89. ते जे तीनेक मिलिमीटर वर डोकावतं, तिथंच ते दुमडतं. लांबी थोडी कमी केली तर कागद वाया जातो म्हणून प्रेसवाले कुरकुरतात, पण करून देतात.

क्यूआर कोडही आता प्रत्येकाला हवा. जपानमध्ये 1994 साली डेन्सो वेव्हनं तो गाड्यांच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला काढला, आपल्याकडं तो भाजीच्या गाड्यावर आहे. एका कोपऱ्यातल्या दुकानदारानं कार्डावर पैसे भरायचा कोड टाकून घेतला. पत्ता सापडेल म्हणून लोक स्कॅन करतात आणि समोर येतं, रक्कम टाका. कोडाभोवती चारी बाजूंनी पांढरी जागा सोडावी लागते, ती सोडली नाही तर कॅमेरा गोंधळतो. कोडामागचा पत्ता जितका लांब, तितके ठिपके बारीक, आणि बारीक ठिपके खरखरीत कागदावर पसरतात. उलट, कोडाचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा अशी त्यात सोय असते. सगळ्यात वरच्या पातळीला जवळजवळ 30 टक्क्यांपर्यंत. त्यामुळं मधोमध छोटा गणपती बसवला तरी तो चालतो. ही माहिती सांगितल्यापासून मी गल्लीत फार लोकप्रिय आहे.

हजार कार्डांचं एक वेगळंच दुःख असतं. 300 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणाऱ्या कागदाची हजार कार्डं म्हणजे सव्वा किलोच्या वर वजन, हातात घेतलं की भरघोस वाटतं. पण छोट्या धंद्यात ती संपत नाहीत. संपायच्या आत भाड्याचं दुकान बदलतं, भागीदार वेगळा होतो, नंबर पोर्ट करताना काहीतरी घोटाळा होतो. मग उरलेली कार्डं टेबलाच्या लंगड्या पायाखाली, कॅरमची पावडर गोळा करायला, पोरांच्या पत्त्यांच्या घरांत. डिजिटल प्रिंटरवर शंभरच काढा म्हटलं तर हिशेबी माणूस लगेच भागाकार करतो. शंभराचं एक कार्ड महाग, हजाराचं स्वस्त. वाया गेलेली नऊशे त्या भागाकारात धरायची नसतात.

परवा एक गुरुजी आले. चांगले ओळखीचे, आमच्याकडची वास्तुशांत त्यांनीच केली होती. त्यांना दोन कार्डं हवी होती. एकावर लग्न, मुंज, सत्यनारायण, वास्तुशांत, उदकशांत. दुसऱ्यावर दहावं, तेरावं, श्राद्ध, नारायण नागबळी वगैरे. मी म्हटलं, पुढं-मागं छापू, एकाच कार्डात होईल, पैसे वाचतील. ते हसले. ‘‘अहो ताई, मागं ते छापलेलं कार्ड कोण घरात ठेवील? लग्नघरात मी ते देऊ कसं?’’ खरंच होतं. पुढं त्यांनीच सांगितलं, की दुसरं कार्ड हातात द्यायचंच नसतं. ते अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात ठेवायचं, तिथं ज्याला लागेल तो स्वतः उचलतो. म्हणून त्यावर देवाचं चित्र नको, कलश नको, फोटो नको, कुठलाही रंग नको. नाव आणि नंबर, दोन्ही मोठे, कारण उचलणाऱ्याचे डोळे तेव्हा धड नसतात. इतका विचार करून मॅटर आणणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलंय. मला फक्त फाँट लावायचा होता.

दर ठरला, कागद ठरला. उठता उठता त्यांना आठवलं. ‘‘ही दोन्ही एकाच शीटवर छापणार का?’’ मी म्हटलं, सांगता येत नाही गुरुजी, तिकडं जागा असेल तसं लावतात. ‘‘म्हणजे लग्नाचं आणि ते शेजारीशेजारी येऊ शकतं?’’ येऊ शकतं. ‘‘आणि दुसऱ्या कुणाच्या शुभकार्याच्या कार्डाला लागूनही?’’ तेही येऊ शकतं. गुरुजींनी उपरणं सारखं केलं, चपला घातल्या, पायरीवर थोडं थांबले.

‘‘येऊ दे. मला सांगू नका म्हणजे झालं.’’